मराठी डिस्चार्ज कार्ड : आजाराचे नाव नीट लिहिणारी सेवा

आमच्या भागातील एका रुग्णालयाने रुग्णाला घरी सोडताना मराठीत डिस्चार्ज कार्ड देण्याची सोय केली आहे, आणि वडिलांच्या आजारपणात तिचा अनुभव घेतल्यावर मी तिची मनापासून शिफारस करतो. त्यांच्या कार्डावर निदानापुढे नुसते ‘कावीळ’ न लिहिता ‘हिपॅटायटिस ए विषाणूमुळे यकृताला सूज, त्यामुळे कावीळ’ असे लिहिले होते. कावीळ हे लक्षण आहे. तिचे मूळ यकृताच्या विकारात, पित्तनलिकेत अडकलेल्या खड्यात किंवा तांबड्या पेशी झपाट्याने फुटण्यातही असू शकते, आणि हे कागदावर स्पष्ट असले की कावीळ उतरवून घेण्याचा आग्रह धरणाऱ्या नातेवाइकांना समजावणे सोपे जाते. ‘बीपी आहे’ असे आपण सर्रास म्हणतो, पण येथे ‘उच्च रक्तदाब’ असेच लिहितात, हेही योग्यच.

पथ्याचा रकाना मात्र तोकडा आहे. ‘हलका आहार’ एवढ्यावर घरच्यांनी काय शिजवावे? त्याहून खटकले ते प्रतीक्षाकक्षातील माहितीपत्रक, ज्यात अजूनही ‘महारोगी’ हा शब्द आहे. कुष्ठरोगाचा जीवाणू हॅन्सन यांनी १८७३ मध्ये शोधला, बहुविध औषधोपचाराने हा रोग पूर्ण बरा होतो, आणि तरीही त्या जुन्या शब्दाने माणसाला घराबाहेर काढले जाते. तेथे ‘कुष्ठरुग्ण’ असेच छापले पाहिजे.

मराठी कार्डासाठी वेगळे शुल्क नाही, परंतु ते आदल्या दिवशी परिचारिकांकडे मागावे लागते.