आईचे रिपोर्ट: कागदी फाईल की आभा?

मधुमेही आईचे रिपोर्ट ठेवायला कागदी फाईल बरी की आभा, म्हणजे सरकारचं डिजिटल आरोग्य खातं, असं मैत्रिणीने विचारलं.

खर्चाचा प्रश्नच नाही. १४ अंकी आभा क्रमांक मोफत मिळतो.

खरा फरक मेहनतीत. फाईल उचलली की निघालात. आभात जोडलेल्या रुग्णालयाचे रिपोर्ट संमती दिल्यावर दिसतात, पण फॅमिली डॉक्टरांची हाताने लिहिलेली चिठ्ठी आपणच फोटो काढून चढवायची. शिवाय ओटीपी मुलाच्या फोनवर गेला की आई अडकते. ज्येष्ठांचा विश्वास तिथेच उडतो.

टिकण्यात मात्र आभा सरस. फाईल पावसात भिजते, थर्मल कागदावरचा ईसीजी पुसट होतो.

डॉक्टर एकच आणि गावातलेच असतील तर फाईल पुरे. शहर बदलणाऱ्यांनी किंवा अनेक तज्ज्ञांकडे जाणाऱ्यांनी आभा काढावं, आईचाच मोबाईल नंबर जोडून.