मोरपंखीसाठी ८० टक्के सल्फर: लाल कोळीवर चांगलं, बाकी दुखण्यांवर नाही

मोरपंखी तपकिरी पडू लागली की दुकानदार ही भुकटी हातात ठेवतो. पण आधी लाल कोळी, म्हणजे पानांतला रस शोषणारी बारीक कीड, आहे का ते बघा. फांदीखाली पांढरा कागद धरून ती दोन-तीनदा झटका. टाचणीच्या टोकाएवढे ठिपके चालू लागले, बोट फिरवल्यावर कागदावर रेघ उमटली, पानांत बारीक जाळी दिसली, तर हे औषध घ्याच.

लिटरभर पाण्याला २ ग्रॅम. आधी वाटीभर पाण्यात कालवून घ्या, नाहीतर गुठळ्या पंपाच्या नोझलमध्ये अडकतात. झाडाच्या आतल्या बाजूला, जिथे धूळ साचते, तिथे नीट पोचू द्या. अंडी यातून वाचतात, म्हणून ८ ते १० दिवसांनी दुसरी फवारणी हवीच. ती टाळणारेच "गुण आला नाही" म्हणतात. पारा ३२ अंशांच्या वर असेल तर मारू नका, पानं करपतात. एप्रिल-मेमध्ये संध्याकाळच बरी. निंबोळी तेल मारलं असेल तर किमान तीन आठवडे थांबा.

खोडालगतची जुनी पानं वाळणं नैसर्गिक आहे, तिथे पैसे घालवू नका. काळ्या मातीत पाणी साचून खालून वर झाड सुकत असेल, मुळं काळी-मऊ झाली असतील, तर तिथेही सल्फर व्यर्थ, निचरा सुधारा.

आणि तपकिरी झालेला भाग पुन्हा हिरवा होत नाही. छाटताना हिरवी फूट संपते त्याच्या आत कापू नका, उघड्या लाकडातून मोरपंखी सहसा फुटत नाही.