जपाचा स्टीलचा काउंटर: हॅरियर (भोवत्या, एक शिकारी पक्षी) मोजायला दोन महिने वापरला, त्याचा रिव्ह्यू

पंचवटीत माळा, टाळ, अष्टगंध विकणाऱ्या दुकानांत हातात धरायचा जप काउंटर मिळतो ना, गोल, स्टीलचा, वर अंगठ्याने दाबायची पट्टी, मागे बोट घालायला कडी आणि खिडकीत चार आकडे, तो. मला १५० ला पडला. आधी माझ्याकडे बोटात घालायचा बॅटरीवाला होता, त्याचं रीसेटचं बटण मोजायच्या बटणाला इतकं खेटून की एकदा ऐन अंधार पडताना चुकून दाबलं गेलं आणि सगळं शून्य! तासाभराची मोजणी गेली, रडूच यायचं बाकी होतं. मग नवीन घ्यायला गेले तर दुकानातले काका म्हणाले, "जपासाठी ना ताई?" म्हटलं, "नाही हो काका, पक्षी मोजायला." तर लगेच म्हणाले, "मग स्टीलचाच न्या, बॅटरीवाला कधी मान टाकेल सांगता येत नाही." पटलं.

आता हा लागतो कशाला ते सांगते. नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात लोक जातात फ्लेमिंगो आणि बदकं बघायला, २०२० मध्ये रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा जाहीर झाल्यापासून तर गर्दी वाढलीच आहे, पण मार्चमध्ये संध्याकाळी काठावर बसून पाणकणसाकडे बघत राहा. दिवसभर शेतांवरून, पाण्यावरून फिरलेले दलदली भोवत्या, आम्ही आपलं हॅरियरच म्हणतो, रात्रीच्या मुक्कामाला तिथे उतरतात. पंख इंग्रजी व्ही सारखे वर धरून, गवताला पोट लागेल इतक्या खालून. मादी चॉकलेटी, डोकं सायीसारखं पिवळट. नराच्या पंखात तीन रंग, तपकिरी, राखाडी आणि टोकाला काळा. एक जरी खालून गेला तरी त्या पट्ट्यातली बदकं एकदम उठतात आणि तो गेला की परत बसतात, त्यामुळे कधी कधी आधी बदकं दिसतात आणि मग हॅरियर. आणि हे सगळं मार्च-एप्रिलमध्ये हळूहळू रिकामं होत जातं, कारण ते उत्तरेला निघतात, मध्य आशियाकडे, मोठे नर साधारण आधी आणि माद्या, पोरं मागून. म्हणून दर रविवारी त्याच जागेवरून, त्याच वेळेला मोजायचं. नुसतं "आज कमी दिसले" म्हणण्याला काही अर्थ नसतो.

वही-पेनने हे जमत नाही, मी दोन वर्षं करून बघितलंय. लिहायला मान खाली घातली की तेवढ्यात दोन उतरलेले असतात. काउंटरला बघावं लागत नाही, डोळे दुर्बिणीत आणि अंगठा पट्टीवर, पट्टी पूर्ण दाबली की "टक" असा आवाज येतो आणि बोटालाही कळतं, यासाठीच मी याला सगळ्यात जास्त मार्क देते.

पण एक घेऊ नका, दोन घ्या. उतरलेला हॅरियर गप्प बसत नाही, शेजारी दुसरा आला की उठतो, चक्कर मारतो, परत बसतो, आणि तुम्ही त्यालाच परत मोजता. या काउंटरला मागे जाता येत नाही, वजाबाकी नाही. म्हणून उजव्या हातात "बसले", डाव्या हातात "उठले", पूर्ण अंधार झाला की एकातून दुसरा वजा. पहिल्या दिवशी मी एकच वापरला तर माझा आकडा आणि शेजारी बसलेल्या भाच्याचा आकडा जुळेचना, दोन घेतल्यापासून एखाद-दुसऱ्याचाच फरक राहतो. घारी यात घालू नका, त्या संध्याकाळी ढिगाने येतात, त्यांची वेगळी नोंद वहीत.

येवल्याकडे ममदापूरच्या माळावर पण नेला. तिथे पांढुरका आणि माँटेग्यूचा हॅरियर, आणि या दोघांच्या माद्या आणि पिल्लं लांबून सारखीच, तपकिरी आणि कमरेवर पांढरा पट्टा. त्यांना मी जबरदस्तीने नाव देत नाही, "ओळख नाही" असा रकाना ठेवलाय. नर मात्र ओळखता येतो, माँटेग्यूच्या पंखावर वरून काळी आडवी रेघ असते.

आपल्याकडे हॅरियर एकाच वाटेने जात नाहीत, पंख मारत कुठूनही जाऊ शकतात, त्यामुळे नाशिकमध्ये आकाश भरून गेलंय असं दृश्य नाही मिळणार. इस्रायलमध्ये एलातला वसंतात बाज आणि गरुड गरम हवेच्या झोतावर थव्याने चढतात, तसल्या ठिकाणी मोजणारे दहाचा गट डोळ्यांनी पकडून एका गटाला एक टक करतात. हिमाचलात धरमशालेला पण २००१ च्या शरदात आणि २००२ च्या वसंतात स्टेप गरुड मोजले गेलेत. माझा काउंटर ९९९९ पर्यंत जातो, नांदूरला त्यातले पहिले दोन आकडे शून्यच राहतात आणि मला तेवढं भरपूर आहे.

तक्रारी दोन. पट्टी अर्धवट दाबली की आकडा मधेच अडकतो, खिडकीत अर्धा ४ आणि अर्धा ५, तेव्हा दाबायची तर नीट दाबा. दुसरं, शून्य करायची चावी बाजूला बाहेर आलेली आहे, खिशात घासून फिरते. मी तिच्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी बसवली आणि कडीत नाडा घालून गळ्यात अडकवला, तेव्हापासून एकदाही आकडा गेला नाही. उन्हात ठेवू नका, स्टील फार तापतं.

पाचपैकी चार. घरी आल्यावर आकडा आणि वेळ ईबर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदी ठेवायच्या वेबसाइटवर टाका, काउंटर शून्य करायच्या आधी.