आयरिश धर्मग्राम-नोंदवह्यांची साइट: फुकट आहे, पण गाव आधी ठाऊक हवं

अमेरिकेत जाऊन सेमिनरी (धर्मगुरू घडवणारं विद्यालय) चालवणाऱ्या आयरिश धर्मगुरूचं चरित्र लिहिताना पहिलं घोडं अडतं ते जन्मगावापाशी. तिकडच्या मृत्युलेखात बहुधा नुसती काउंटी, म्हणजे जिल्हा असतो. आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने २०१५ मध्ये खुली केलेली कॅथलिक नोंदवह्यांची साइट नेमकी इथेच कमी पडते, कारण तिच्यात नावाने शोध नाही. काउंटी, धर्मग्राम (एका चर्चची हद्द), वही असं उतरत जायचं, वर्ष-महिना निवडायचा आणि पुढे एकेक पान डोळ्यांखालून घालायचं. याच पानांची नावनिहाय सूची ॲन्सेस्ट्री आणि फाइंडमायपास्ट या वंशावळ-साइटींवर आहे. नाव तिथे शोधावं, पण नोंद इथल्या पानावर पडताळावी. सूचीत वाचनाच्या चुका राहतात.

पानं जुन्या मायक्रोफिल्मवरून घेतलेली, त्यामुळे काळी-पांढरी. फिकट शाईची ओळ कितीही मोठी केली तरी उमटत नाही. बऱ्याच नोंदी लॅटिनमध्ये आहेत: जेम्सचा जेकोबुस, विल्यमचा गुलिएल्मुस. आडनावातला 'ओ' कधी असतो, कधी गळतो, म्हणून दोन्ही रूपं धरून वाचावं. एकाच नावाची दोन बाळं सापडली, तर आईचं माहेरचं आडनाव आणि धर्ममातापित्यांची नावं ताडून बघावीत. तारीख स्नानसंस्काराची (बाप्तिस्म्याची) असते, ती जन्मतारीख म्हणून छापू नये.

फ्रान्सिस पॅट्रिक केनरिक १७९६ मध्ये डब्लिनला जन्मले, १८२१ मध्ये केंटकीतल्या बार्ड्सटाउनच्या सेमिनरीत शिकवायला गेले आणि १८३२ मध्ये त्यांनी फिलाडेल्फियाची सेंट चार्ल्स बोरोमिओ सेमिनरी सुरू केली. अशा डब्लिनकराचा माग सोपा, कारण शहरातल्या वह्या जुन्या आहेत, शिवाय आयरिश सरकारच्या वंशावळ-साइटवर डब्लिन शहराच्या चर्चनोंदी नावानेही फुकट शोधता येतात. बॉस्टनच्या सेंट जॉन्स सेमिनरीचे पहिले प्रमुख जॉन हॉगन मात्र १८२९ चे, पश्चिमेच्या क्लेअर काउंटीतले. पश्चिमेकडच्या कित्येक धर्मग्रामांच्या वह्या त्यानंतरच सुरू होतात, आणि सर्वांसाठीची सरकारी जन्मनोंदणी तर थेट १८६४ पासून. तिथे पान न सापडणं हा शोधणाऱ्याचा दोष नव्हे.

फुकट सेवेकडून याहून जास्त मागणं अन्यायाचं ठरेल. पण पुढचं शिक्षण, दीक्षा, प्रवास यातलं इथे काहीच नाही. त्यासाठी धर्मगुरू घडवणारी मेनूथ, डब्लिनचं (२०१६ मध्ये बंद झालेलं) ऑल हॅलोज किंवा रोममधली कॉलेजं यांचे प्रवेशपट आणि संबंधित धर्मप्रांताचं दप्तर गाठावं लागतं.