२ टीबीची एक्स्टर्नल डिस्क आणि विंडोज ११ : ‘जागा नाही’ म्हणजे नक्की कुठे नाही?

डिस्कचे स्पेक्स सगळीकडे आहेत, ते परत सांगत बसत नाही. २ टीबी, यूएसबी ३, काळी, हातात मावते, स्पीड ठीक. हा रिव्ह्यू विंडोज १० वरून ११ वर गेल्यावर या डिस्कवर बॅकअप घेताना काय काय झालं त्याचा आहे. आधी एक स्टार देऊन मोकळी होणार होते, मग पाच द्यायचे ठरवले, आता कितीवर आहे ते खाली कळेलच.

आमचं देवगडला. आंब्याची बाग सासऱ्यांची, म्हणजे अण्णांची, हिशोब माझ्याकडे, शिवाय आजूबाजूच्या काही बागायतदारांचं टॅली (हिशोबाचं सॉफ्टवेअर) मीच बघते. म्हणजे कॉम्प्युटरमध्ये आहे काय, तर टॅलीचा डेटा आणि वाशीहून दलालांच्या आलेल्या पट्ट्यांचे, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशोबाच्या कागदांचे, स्कॅन. पट्टीचा कागद पावसात ओला होतो, उंदीर खातो, नायतर अण्णा कुठेतरी ठेवतात आणि जूनमध्ये मलाच विचारतात, "गो, ती पट्टी गावली काय?" म्हणून स्कॅन, आणि स्कॅन जाऊ नये म्हणून डिस्क.

गणपतीच्या सेलमध्ये घेतली. विंडोज १० वर असताना काही तक्रार नव्हती, दर रविवारी सिस्टीम इमेज (विंडोजसकट सगळ्याची एकत्र कॉपी), जेवण होईस्तोवर तयार. हे तेच कंट्रोल पॅनलमधलं जुनं बॅकअप अँड रिस्टोअर, ज्याच्या नावापुढे अजून विंडोज ७ लिहिलेलं असतं. विंडोज ११ मध्येसुद्धा तसंच आहे, कोणाला काढायचं सुचलेलं नाही. फुकट आहे म्हणून मी वापरते, दुसरं कारण नाही.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपणार म्हणून दिवाळीच्या तोंडावर अपग्रेड मारला. टीपीएम (विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची चिप) बायोसमध्ये बंद होतं ते चालू केलं, प्रोसेसर आठव्या पिढीचा म्हणजे काठावर पास, अपग्रेड सुखरूप झाला. पुढच्या रविवारी इमेज लावली आणि दोनच मिनिटांत लाल फुली. कोड शून्य-एक्स-८०७८०११९. मेसेज काय, तर शॅडो कॉपी (बॅकअप घेताना विंडोज आधी बनवते ती तात्पुरती प्रत) बनवायला पुरेशी जागा नाही.

जागा नाही? डिस्कवर दीड टीबीच्या वर रिकामं, सी ड्राइव्ह अर्धा रिकामा. मग कुठे नाही? ते मेसेज सांगत नाही, आणि माझं सगळं भांडण इथेच आहे. खूप लांबलचक मेसेज आहे, किमान किती जागा लागते, किती असावी असं शिफारशीसकट सगळं लिहिलंय. पण कुठल्या पार्टिशनमध्ये, म्हणजे डिस्कच्या कुठल्या भागात, जागा कमी पडली ते एक नाव लिहायला कोणाला जमलेलं नाही. ज्या प्रोग्रॅमला जागा मोजता येते त्याला नाव माहीत असणारच ना? मग लिही की बाबा! एवढ्या एका शब्दापायी माझी अख्खी दिवाळी गेली.

साहजिकच संशय डिस्कवर गेला, कारण नवीन तीच होती. डिस्कवाल्या कंपनीच्या कस्टमर केअरला फोन. "मॅडम, डिस्क फुल झाली असेल, जुने फोटो डिलीट करून बघा." मी म्हटलं, अहो पाऊण डिस्क रिकामी आहे. "मग फॉरमॅट करून बघा." फॉरमॅट करून बघा म्हणजे आधीचे सगळे बॅकअप पुसा, आणि हे बॅकअपच्या डिस्कबद्दल बोलतायत. नाही म्हटल्यावर सर्व्हिस सेंटरला पाठवा. सर्व्हिस सेंटर कुठे, तर कोल्हापूरला. फोंडा घाट चढून जा नायतर कुरियर करा, कुरियरचा खर्च आपला, वॉरंटीत असली तरी. आणि खाली बारीक अक्षरात, डेटाची जबाबदारी आमची नाही.

पाठवली. आधी टॅलीचं फोल्डर पेनड्राइव्हवर काढून घेतलं, तेवढी अक्कल कॉलेजात एक प्रोजेक्ट घालवून आलेली आहे. बरेच दिवस डिस्क तिकडेच. फोन केला की "टेस्टिंग चालू आहे." शेवटी परत आली, सोबत चिठ्ठी, दोष आढळला नाही. बरोबरच होतं ते, पण तेव्हा मी ते मानायला तयार नव्हते, फोनवर जे बोलायचं ते बोलून घेतलं. कणकवलीच्या दुकानातला पोरगा म्हणाला, विंडोज नव्याने टाकूया, हजार रुपये. हजार रुपये उगाच कशाला, म्हटलं थांब.

मग रात्री बसून तो मेसेज नीट वाचला. त्यात नियम असा आहे : ५०० एमबीपेक्षा लहान पार्टिशन असेल तर त्यात किमान ५० एमबी रिकामी हवी, ५०० च्या वर असेल तर किमान ३२० एमबी. आणि ही अट बॅकअप जिथे ठेवायचा त्या डिस्कलाच नाही, ज्याचा बॅकअप घ्यायचा त्या प्रत्येक पार्टिशनला आहे. सिस्टीम इमेजमध्ये नुसता सी जात नाही, विंडोज चालायला लागणारी लपलेली छोटी पार्टिशनंसुद्धा जातात. ती माय कॉम्प्युटरमध्ये दिसत नाहीत, डिस्क मॅनेजमेंट उघडलं तर दिसतात.

उघडलं. विंडोज १० च्या वेळचं ४५० एमबीचं रिकव्हरी पार्टिशन (विंडोज बिघडली तर दुरुस्तीची सोय असते ते) तसंच पडलेलं, आणि सी च्या शेपटीला आणखी एक नवीन रिकव्हरी, ५०८ एमबीचं. अपग्रेडच्या सेटअपला जुनं रिकव्हरी पार्टिशन लहान वाटलं की तो सी मधून जागा कापून नवीन बनवतो, माझ्याकडे तेच झालेलं. या नवीन ५०८ मध्ये रिकामी जागा सत्तरच्या आसपास. म्हणजे बघा, हे पार्टिशन ४९९ चं असतं तर ५० एमबी पुरली असती आणि बॅकअप झाला असता. ५०८ चं आहे म्हणून ३२० पाहिजे. नऊ एमबी जास्त आहे म्हणून जागा कमी! आठ-नऊ एमबी म्हणजे पट्टीचे चार-पाच रंगीत स्कॅन, त्यासाठी माझी दीड टीबी रिकामी डिस्क कोल्हापूरला जाऊन आली.

उपाय मग सोपा होता. कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून आधी रीएजंट-सी (reagentc) या कमांडने रिकव्हरी डिसेबल केली, त्याने रिकव्हरीची फाईल तात्पुरती सी मध्ये येते. मग डिस्कपार्ट या विंडोजमधल्याच पार्टिशनच्या टूलने ते पार्टिशन दहा एमबीने श्रिंक, म्हणजे लहान, केलं, मग रिकव्हरी परत एनेबल. इमेज लावली, झाली. ज्यांना डिस्कपार्टची सवय नाही त्यांनी जपून, त्यात पार्टिशनचा नंबर चुकला तर विचारत नाही. टॅलीची कॉपी बाहेर काढल्याशिवाय मी हात लावला नव्हता.

इथपर्यंत लिहून डिस्कला पाच स्टार दिले होते आणि पोस्ट करणार होते. खालचं कुणकेश्वरच्या जत्रेनंतर लिहितेय, कारण मध्ये बॅकअप परत मेला.

या वेळी कोड वेगळा, शून्य-एक्स-८००७०४५डी. म्हणजे इनपुट-आउटपुट एरर, डिस्कशी बोलणं मध्येच तुटलं. हा मात्र बहुतेक वेळा हार्डवेअरचा असतो, पण हार्डवेअर म्हणजे डिस्कच असं नाही. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजची घडामोडींची नोंदवही) बघितलं तर डिस्क मध्येच गायब होऊन परत जोडली जात होती. सोबत आलेली केबल वीतभर, त्यात ती रुंद चपटी पिन जी जरा हलली की सुटते, आणि टॉवर टेबलाखाली असल्यामुळे डिस्क हवेत लोंबकळायची. शिवाय पुढचा यूएसबी पोर्ट. आमच्याकडे खारी हवा, घर खाडीपासून लांब नाही, पुढच्या पोर्टच्या पत्र्यावर हिरवट थर चढलेला. मागच्या पोर्टला नवीन लांब केबल लावली, पॉवर ऑप्शनमधलं यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड (वीज वाचवायला यूएसबी झोपवणारं सेटिंग) बंद केलं. नक्की कशाने थांबलं ते सांगता येत नाही कारण दोन्ही एकदम केलं, पण तो कोड नंतर दिसलेला नाही. एक स्टार केबलपायी कापला. एवढ्या किमतीच्या डिस्कला वीतभर केबल देऊन कंपनीने नेमकं किती तांबं वाचवलं?

आणि मग मार्चमध्ये, पेट्या भरायला सुरुवात झालेली, नेमका तेव्हाच जुना कोड परत. जागा नाही. या वेळी मी चिडले नाही, सरळ डिस्क मॅनेजमेंट. मधल्या एका अपडेटने रिकव्हरीची फाईल मोठी केली होती आणि रिकामी जागा पन्नासच्या खाली गेलेली. रिकव्हरीची जागा अपडेटला अपुरी पडणं ही काही माझ्या एकटीची गोष्ट नाही. जानेवारी २०२४ मध्ये विंडोज १० चं एक सिक्युरिटी अपडेट याच कारणाने कित्येक मशीनवर अडकलं होतं, रिकव्हरी पार्टिशनमध्ये २५० एमबी रिकामी नसेल तर ते बसायचंच नाही आणि लोकांना पार्टिशन हाताने वाढवायला सांगितलं होतं. म्हणजे ४९९ ची युक्ती म्हणजे गळक्या कौलाखाली बालदी लावण्यातला प्रकार.

म्हणून कायमचं केलं. रिकव्हरी डिसेबल, सी मधून जागा कापली, ते छोटं पार्टिशन उडवलं आणि त्या जागी १ जीबीचं नवीन बनवलं. त्याला रिकव्हरीचा तो लांबलचक टाईप आयडी द्यावा लागतो, तो अधिकृत सूचनांमधून कॉपी करा, हाताने टाईप करू नका. एनेबल केल्यावर रीएजंट-सी ची इन्फो कमांड मारून रिकव्हरी खरंच एनेबल्ड दाखवतेय ना ते बघा. आता त्यात ५०० च्या आसपास रिकामी राहते, ३२० ची अट आरामात पार. त्यानंतर अपडेट आले, इमेज होतेय.

आता ज्यांना वाटतं इमेजचा त्रास कशाला, विंडोजमधलं दुसरं काहीतरी वापरू, त्यांच्यासाठी. फाईल हिस्टरी (विंडोजमधलीच फाईलींचा बॅकअप घेणारी सोय) मी लावून बघितली. ती फक्त लायब्ररी, डेस्कटॉप असली ठरलेली फोल्डर घेते. टॅलीप्राईमचा डेटा मुळात बसतो तो सी मध्ये यूजर्स, पब्लिक, टॅलीप्राईम, डेटा इथे, आणि ते फोल्डर कुठल्याच लायब्ररीत नसतं. म्हणजे हिरवी टिक दिसेल, बॅकअप चालू आहे म्हणेल, आणि टॅली त्यात नसेल. जवळच्या एका दुकानदाराकडे हेच निघालं, वर्षभर निवांत होता बिचारा. लायब्ररीत ते फोल्डर हाताने टाकलं तर जातं, पण टाकावं लागतं. आणि विंडोज ११ मधलं ते नवीन विंडोज बॅकअप नावाचं अ‍ॅप म्हणजे वनड्राइव्हवर चढवणं, फुकटात ५ जीबी, आमच्या पट्ट्या त्यात एक सीझन मावणार नाहीत. त्यात आमच्या नेटला पावसात वारा लागला तरी सर्दी होते.

बरं, सिस्टीम इमेजचं हे टूल २०१७ मध्येच जुनं ठरवून बाजूला काढलेल्या यादीत गेलंय. अजून चालतंय, पण त्याच्या मेसेजमध्ये आता कोणी नाव-बिव घालणार नाही हे उघड आहे. बाहेरच्या बॅकअप सॉफ्टवेअरमध्ये मॅक्रियमचं फुकटवालं होतं ते २०२४ उजाडता उजाडता बंद झालं, वर्षाला पैसे भरायची माझी तयारी नाही. वीमचं फुकट मिळतं, ते सीझन संपला की बघणार आहे.

सध्या असं चालतं : रोज संध्याकाळी टॅलीमध्ये कंपनी बंद करून टॅलीचाच बॅकअप, आणि पट्ट्यांचं फोल्डर रोबोकॉपीने डिस्कवर. रोबोकॉपी ही फाईली कॉपी करायची कमांड, विंडोजमध्येच असते, फुकट. फक्त दोन गोष्टी. मिरर वाला स्विच वापरू नका, इकडे चुकून डिलीट झालं की तिकडूनही उडवते. आणि रिट्राय स्वतः कमी करा, कारण न सांगितल्यास ती एका अडकलेल्या फाईलसाठी दहा लाख वेळा प्रयत्न करते, दर वेळी ३० सेकंद थांबून. गणित करा, आमची कलमं म्हातारी होतील. मी एक रिट्राय आणि एक सेकंद ठेवलंय. इमेज महिन्यातून एकदा, आणि तिच्यातून एखादी पट्टी जुन्या लॅपटॉपवर उघडून बघते. उघडली तर बॅकअप, नायतर नुसतीच हिरवी टिक.

डिस्कला साडेतीन. अर्धा कस्टमर केअरच्या "फोटो डिलीट करा"पायी गेला, तो परत मिळणार नाही. डिस्क स्वतः चांगली आहे, सिलिका जेलच्या पुड्या घालून स्टीलच्या डब्यात ठेवते, तापत नाही, आवाज नाही.

घेणार असाल तर सोबत लांब केबल घ्या आणि आल्या आल्या तिचा फॉरमॅट एनटीएफएस आहे का बघा, एक्सफॅट असेल तर सिस्टीम इमेज तिच्यावर होतच नाही. आणि सर्व्हिसला पाठवायची वेळ आली तर एप्रिल-मेमध्ये पाठवू नका, तेव्हा इथले कुरियरवाले आंब्याच्या पेट्यांखाली गाडलेले असतात, तुमचं पाकीट कोणाच्या नजरेस पडेल तेव्हा पडेल.