समिट बेक्टेलची २४ वी जागतिक स्काउट जांबोरी : पाठवण्याचा विचार करणाऱ्या पालकांसाठी

पुढची जागतिक स्काउट जांबोरी, म्हणजे जगभरच्या स्काउट मुलामुलींचे मोठे शिबिर, २०२७ च्या जुलै-ऑगस्टमध्ये पोलंडमधील ग्दान्स्क शहराजवळ भरणार आहे. त्यामुळे पुण्यातील आमच्या जुन्या पथकातले काही पालक ‘तू जाऊन आली आहेस, तूच सांग, एवढा खर्च करून पाठवावे का?’ असे मला विचारू लागले आहेत. मी २०१९ साली अमेरिकेत भरलेल्या २४ व्या जांबोरीला सहभागी म्हणून गेले होते. त्या अनुभवाचे हे परीक्षण मुख्यतः त्यांच्यासाठी आहे. माझे मत आधीच नोंदवते : माहितीपत्रकात ज्या साहसी खेळांची छायाचित्रे छापलेली असतात, त्यांच्यासाठी मुलांना तिथे पाठवू नये. पाठवावे ते तिथल्या रोजच्या स्वयंपाकासाठी, भांडी घासण्यासाठी आणि शेजारच्या तंबूत जाऊन बसण्यासाठी.

ही जांबोरी २२ जुलै ते २ ऑगस्ट २०१९ या काळात वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील समिट बेक्टेल या शिबिरस्थळी झाली. कॅनडा, मेक्सिको आणि अमेरिका हे तीन देश मिळून यजमान होते आणि दीडशेहून अधिक देशांतून सुमारे ४५ हजार लोक आले होते. न्यू रिव्हर नदीच्या खोल दरीलगतच्या या डोंगराळ जमिनीत पूर्वी कोळशाच्या खाणी होत्या. अमेरिकेच्या स्काउट संघटनेने ती घेऊन दहा हजार एकरांहून मोठे कायमस्वरूपी शिबिरस्थळ उभारले आणि २०१३ मध्ये तिथे पहिला मोठा मेळावा भरवला. कायमस्वरूपी असण्याचा फायदा पहिल्याच दिवशी कळतो. पाणी, रस्ते, स्नानगृहे आणि शौचालये यांची व्यवस्था आधीपासून असल्याने, माळरानावर चार दिवसांसाठी नळ टाकलेल्या शिबिरांत जी तारांबळ उडते ती इथे उडत नाही. मात्र एवढ्या पसाऱ्यात एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायचे ते पायीच, आणि तेही चढउतारांवरून. ज्या मुलांना रोज भरपूर चालण्याची सवय नाही, त्यांचे पहिले दोन-तीन दिवस पायांवरचे फोड सांभाळण्यात जातात. नवे कोरे बूट घालून कोणालाही पाठवू नये.

सहभागी होण्यासाठी वयाची अट १४ ते १७ वर्षे अशी असते. ३६ मुले आणि चार मोठी माणसे यांचे एक पथक होते, आणि नऊ-नऊ जणांचे चार संघ पडतात. संघ हा इथे कागदावरचा विभाग नसतो. तंबू, चूल, खरेदी आणि धुणी-भांडी हे सारे संघाने बघायचे, आणि पथकाबरोबरच्या मोठ्या माणसांनी शक्यतो हात मागे बांधून उभे राहायचे, अशी अपेक्षा असते.

साहसी खेळांविषयी थोडक्यात सांगते. दरीवरून अर्ध्या मैलाहून लांब तारेवर लोंबकळत जाण्याची सोय, कड्यांवर चढण्याच्या भिंती, डोंगरी सायकलींच्या वाटा, तिरंदाजी, नेमबाजी, स्केटबोर्डचे मोठे मैदान, सारे उत्तम प्रतीचे होते. सुरक्षेची तपासणी इतकी कसून होत असे की कमरेचा पट्टा एकाने बांधला की दुसरा तो तपासे आणि तिसरा पुन्हा ओढून बघे. हजारो मुलांनी एकाच तारेपाशी यायचे म्हटल्यावर रांगा लांबच असणार, त्याबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही. परंतु याच सुखासाठी अमेरिका गाठायची असेल, तर कोलाडला कुंडलिका नदीवर राफ्टिंग करून येणे अधिक शहाणपणाचे ठरेल. भव्य रंगमंचावरचे उद्घाटन व समारोपाचे कार्यक्रमही झगमगीत होते. मात्र मी ते इतक्या लांबून पाहिले की बहुतेक वेळ नजर मंचापेक्षा मोठ्या पडद्यावरच होती.

आता किराणा दुकानाकडे वळते. छावणीत आयते जेवण ताटात पडत नसे. संघाच्या वाट्याला ठरावीक गुण येत आणि त्या गुणांत बसेल एवढीच खरेदी छावणीतल्या दुकानातून करता येई. पैसे चालत नसत. आमच्या संघात तिघी शाकाहारी होत्या, त्यांतल्या एकीकडे कांदा-लसूणही वर्ज्य होते, आणि उरलेल्यांना चिकन हवे होते. संघनायिका हातात यादी घेऊन पुढे, ट्रॉली ढकलणारी मागे, आणि चीजचा मोठा तुकडा घ्यावा की तेवढ्याच गुणांत दोन दिवसांची फळे घ्यावीत यावर त्या अरुंद बोळात वादावादी, हे रोजचे दृश्य होते. शेवटी आमचा तोडगा असा निघाला : डबाबंद राजमा, टोमॅटो आणि मक्याच्या टॉर्टिया सर्वांसाठी, चिकन वेगळ्या भांड्यात, आणि कांदा-लसूण न खाणारीची वाटी फोडणीआधी बाजूला काढायची. टॉर्टिया पोळीसारखी फुलत नाही, याचे दुःख दुसऱ्या दिवशी मावळले. भाताने मात्र अधिक छळले. घरी कुकरच्या शिट्ट्या मोजून गॅस बंद करणाऱ्या मुलींना उघड्या पातेल्यात, शिबिरी शेगडीच्या भडक ज्योतीवर भात शिजवताना दाणा बोटात दाबून बघण्याखेरीज दुसरा उपाय नव्हता. नेतृत्व, सहकार्य, नियोजन असे जे शब्द पथकाच्या वार्षिक अहवालात दरवर्षी सापडतात, ते मला त्या बोळात प्रत्यक्ष बघायला मिळाले.

आमच्या एका बाजूला चिलीचे पथक होते आणि दुसऱ्या बाजूला स्वीडनचे. स्वीडनच्या मुलींची भांडी घासण्याची पद्धत आम्ही तिसऱ्या दिवसापासून उचलली. तीन टब ओळीने मांडायचे : पहिल्यात साबणाचे कढत पाणी, दुसऱ्यात साधे, तिसऱ्यात जंतुनाशक. पहिल्या टबात बुडवण्याआधी ताट इतके निपटून काढायचे की पाणी शेवटपर्यंत गढूळ होऊ नये. आपल्याकडच्या शिबिरांत नळ सोडून ठेवून भांडी विसळणाऱ्या मुलांना हे आवर्जून दाखवावे. चिलीच्या मुलींशी ओळख झाली ती सांस्कृतिक दिनाच्या तयारीत. त्या दिवशी प्रत्येक पथक आपल्या देशाचे काहीतरी रांधून येणाऱ्या-जाणाऱ्याला खाऊ घालते. आम्ही घरून पोहे, शेंगदाणे, मोहरी आणि हळद नेली होती, कांदे व लिंबे दुकानातून घेतली. चिलीच्या मुलींनी लाल भोपळा घातलेल्या पिठाच्या तळलेल्या पुऱ्या केल्या, त्यांना त्या सोपाइपिया म्हणतात. चव घेताच आमच्यातली सोलापूरची मुलगी ‘अगं, हे तर गूळ न घातलेले घारगे!’ असे ओरडली, आणि मग दुपारभर दोन्ही चुलींमध्ये ताटांची ने-आण चालू राहिली. कार्यक्रमपत्रिकेत त्या दुपारी नेमके काय छापले होते ते मला आठवत नाही, आणि ते पाहण्याची गरजही कोणाला वाटली नाही.

ओळखी टिकवण्यासाठी प्रत्येकाला नोवस नावाचे मनगटी यंत्र दिलेले होते. दोघींनी एकाच वेळी बटण दाबले की दिवे लुकलुकत आणि एकमेकींचा संपर्क नोंदला जाई. कल्पना चांगली होती, पण त्याचा परिणाम काहीसा उलटा झाल्याचे मला दिसले. बरीच मुले नावही न विचारता बटण दाबून पुढे जात, आणि नोंदींची संख्या वाढवण्याची चढाओढ लागे. याउलट बॅज आणि स्कार्फ यांची अदलाबदल ही जांबोरीची जुनी रीत आहे आणि तिला वेळ द्यावा लागतो. जमिनीवर पंचा अंथरून त्यावर बॅज मांडायचे, समोरचा थांबतो, एखादा उचलतो, तो कुठला म्हणून विचारतो, आणि घासाघीस सुरू होते. महाराष्ट्राच्या बॅजपेक्षा आमच्या साध्या शाळेच्या बॅजला मागणी अधिक होती, कारण तो दुसऱ्या कोणाकडे नसणार हे घेणाऱ्याला ठाऊक असे. जाताना असे स्थानिक बॅज भरपूर न्यावेत.

स्नानगृहांत गरम पाणी नव्हते. शिबिरस्थळाची रचनाच तशी आहे, आणि स्नानाचे वापरलेले पाणी शौचालयांत फिरवले जाते. जुलैच्या दुपारी हे पाणी सुखाचे वाटते, पहाटे मात्र नाही. त्या डोंगरांत वळवासारख्या सरी अचानक येतात, म्हणून तंबूभोवतीच्या दोऱ्यांचे ताण रोज संध्याकाळी तपासावे लागतात.

माझी खरी तक्रार जांबोरीबद्दल नाही, ती निघण्यापूर्वीच्या तयारीबद्दल आहे. आमचे प्रवासी सामान ज्या पुरवठादाराकडून एकगठ्ठा घेतले गेले, त्याच्या पाठपिशव्यांच्या चेनी विमानतळावरच उसवल्या, आणि ज्या प्रवासी संस्थेने तिकिटे काढली तिने परतीच्या वाटेवर कोणी न मागितलेले दोन दिवसांचे स्थलदर्शन जोडून रक्कम फुगवली. जांबोरीची मूळ वर्गणी देशाच्या आर्थिक गटानुसार कमी-अधिक असते, त्यामुळे आपल्याला सांगितलेल्या रकमेत मूळ वर्गणी किती, विमानभाडे किती आणि बाकीचे नेमके कशाचे, हे पालकांनी लेखी मागून घ्यावे. पाठपिशवी मुलाच्या पाठीवर चढवून, भरून, घराभोवती तासभर चालवून मगच पसंत करावी.

हवामानाची चौकशीही याच वेळी करावी. २०२३ मध्ये दक्षिण कोरियातील सेमांगम येथे भरलेल्या २५ व्या जांबोरीत तीव्र उन्हाने शेकडो मुले आजारी पडली, काही देशांनी आपली पथके आधीच हलवली आणि अखेर खानून वादळामुळे संपूर्ण छावणी रिकामी करावी लागली. भरावाच्या जमिनीवरचे ते स्थळ सावलीविना होते. २०२७ ची जांबोरी जिथे भरणार आहे ते ग्दान्स्कजवळचे सोबिएशेवो बेट बाल्टिक समुद्रकाठी आहे, तिथला उन्हाळा सौम्य असतो. तरीही सावली, वैद्यकीय मदत आणि छावणी हलवण्याची वेळ आलीच तर पथकाची योजना काय, हे तीन प्रश्न पथकप्रमुखांना विचारायला हरकत नाही. उत्तर देताना ते चिडले, तर त्यावरूनही पुरेसा अंदाज येतो.

ज्या मुलाला घरी कधी भाजी चिरावी लागली नाही, त्याला जाण्यापूर्वीच्या महिन्यांत आठवड्यातून एक दिवस स्वयंपाकघर सोपवावे. इंग्रजीची काळजी त्या मानाने कमी करावी, कारण चिलीच्या मुलींचे इंग्रजी आमच्याहून तोकडे होते आणि कोणाचेही काही अडले नाही. वयाची सतरा वर्षे ओलांडलेल्यांसाठी आंतरराष्ट्रीय सेवा पथकाची वाट खुली असते. त्यात स्वतःची वर्गणी भरून स्वयंपाकघर, वाहतूक किंवा दवाखान्यात राबावे लागते. पोलंडसाठी मी त्यात अर्ज करणार आहे, आणि कामाच्या पसंतीत पहिल्या क्रमांकावर किराणा दुकान लिहिणार आहे.