सातारा-सांगलीहून कोकण, २ रात्री ३ दिवस: पॅकेज घ्यावं का?

दिवाळी सरली की साताऱ्यापासून मिरजेपर्यंत चौकाचौकात फ्लेक्स लागतात: 'कोकण दर्शन, २ रात्री ३ दिवस'. ट्रॅव्हल्सवाल्यांची नावं वेगवेगळी, गाडी बहुतेक १७ सीटची टेम्पो ट्रॅव्हलर आणि रस्ता जवळजवळ ठरलेला. कराड, पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट, चिपळूण, पहिला मुक्काम गुहागर. दुसऱ्या दिवशी वेळणेश्वर, हेदवी, तवसाळची फेरीबोट, पलीकडे जयगड, मुक्काम गणपतीपुळे. तिसऱ्या दिवशी आरे-वारे, रत्नागिरी आणि आंबा घाटातून घर. याच तीन दिवसांत मालवणही करून देतो म्हणणारा कुणी भेटला तर त्याच्या नादी लागू नये. तो तीन दिवस गाडीच्या काचेतून समुद्र दाखवेल.

रस्ता चांगला निवडलेला आहे, वेळापत्रक कच्चं आहे. ५ पैकी साडेतीन. उरलेला दीड गुण कुठं जातो ते खाली येतंच.

वेळापत्रक कच्चं, कारण ते तिथी न बघता छापलेलं असतं. हेदवीला ११, फेरीला १, गणपतीपुळ्याला ४, हे वर्षभर तेच. समुद्राची वेळ मात्र रोज पाऊण तासाने पुढे सरकते. ती काढायला मोबाईल लागत नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघायची आणि तिची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर ४ ची पाऊणपट ३, म्हणजे दुपारी आणि पहाटे ३ च्या सुमारास पूर्ण भरती. तिथून सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी, सकाळी आणि रात्री ९ च्या आगेमागे. अष्टमीला भरती ६ ला, पौर्णिमा-अमावास्येला साडेअकरा-बाराला. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, पण सहलीला एवढा हिशोब पुरतो. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, तेव्हा पाणी जास्त चढतं आणि तेवढंच खाली जातं. अष्टमीच्या भांगाला दोन्ही कमी.

आता हे हेदवीला लावून बघा. दशभुज गणेशाचं देऊळ कधीही बघा, काही अडत नाही. पण गाडी तिथं खरी थांबते ती बामणघळीसाठी. देवळापासून वेगळी, किनाऱ्यावरच्या काळ्या कातळात ही एक अरुंद उभी भेग आहे. भरतीची लाट आत घुसली की तिला पुढं जायला जागा राहत नाही, आणि सगळं पाणी धडाक्याने वर उडतं. आवाज आधी येतो, पाणी मागून. ओहोटीला तिथं नुसता ओला कातळ आणि तळाशी थोडा फेस. ११ ला पोहोचणाऱ्या गाडीला हा फवारा द्वादशी ते प्रतिपदा एवढ्याच दिवसांत नीट दिसतो. षष्ठीला त्याच वेळी ऐन ओहोटी असते, आणि मग 'हेदवीत काही नाही' म्हणून लोक परत येतात. भेगेच्या काठावर उभं राहून सेल्फी घेऊ नका. कातळ बुळबुळीत असतो आणि सगळ्या लाटा सारख्या नसतात.

फेरीचंही तसंच. तवसाळ-जयगड फेरी शास्त्री नदीच्या खाडीवरून गाडीसकट माणसं नेते, पाण्यावरचा वेळ पंधरा मिनिटांच्या आसपास. गाडीचं आणि माणसांचं तिकीट वेगळं. गाडीत एकटा ड्रायव्हर ठेवायचा, बाकीच्यांनी उतरून चालत चढायचं. आत गेल्यावर इंजिन बंद, हँडब्रेक वर, गाडी गिअरमध्ये. पूर्ण ओहोटीला जेटीचा उतार उघडा पडतो आणि त्याच्या खालच्या टप्प्यावर हिरवं शेवाळ असतं. तिथं दुचाकीचा पुढचा ब्रेक दाबला की गाडी आडवी झालीच. कमी उंचीच्या कारचं नाक किंवा सायलेन्सर घासतो, तेव्हा तिरकी न घेता सरळ आणि अगदी सावकाश घ्या. टेम्पो ट्रॅव्हलर आरामात चढते. ५० सीटच्या बसची मागची शेपटी लांब असल्यामुळे ती टोकाला टेकते, म्हणून मोठ्या बसवाले राई-भातगाव पुलावरून जातात. तुमच्या पॅकेजमध्ये बस मोठी असेल आणि कागदावर 'फेरीबोट' लिहिलेलं असेल, तर बुकिंगच्या वेळीच विचारा. 'तिथं गेल्यावर बघू साहेब' असं उत्तर आलं की फेरी मिळणार नाही असं धरून चाला.

हेदवी भरतीला, फेरी भरतीला, म्हणजे जमलंच की! इथंच खरी गोम आहे. ज्या दिवशी हेदवीला दुपारची भरती सापडते, त्या दिवशी गणपतीपुळ्याला ४ ला पोहोचेपर्यंत पाणी ओसरायला लागलेलं असतं. नेमकी तीच वेळ पॅकेजमध्ये 'समुद्रस्नान' म्हणून छापलेली असते. गणपतीपुळ्याचा किनारा उतरता आहे. वाळूत खोलगट चर पडतात आणि परतणारं पाणी त्या चरांतून जोराने बाहेर धावतं. गुडघाभर पाण्यात उभ्या माणसाच्या पायाखालची वाळू सरकते, आणि पुढचं पाऊल कमरेएवढ्या पाण्यात पडतं. इथं माणसं बुडतात ती याच प्रकाराने, आणि त्यांत कृष्णेत पोहायला शिकलेलेही असतात. नदीत धार डोळ्यांना दिसते, इथं ती वरून कळत नाही. उलट, दोन लाटांमधला सपाट, शांत वाटणारा पट्टाच बहुतेक वेळा धोक्याचा असतो. त्यात सापडलात तर किनाऱ्याकडे झुंजू नका. किनाऱ्याला समांतर जा, चर संपला की लाटाच आत आणतात. संकष्टीला भरती ३ ची, म्हणजे गर्दीही संध्याकाळची आणि ओहोटीही संध्याकाळचीच. पोहायचंच असेल तर तिसऱ्या दिवशी सकाळी, पाणी चढत असताना, जीवरक्षक सांगेल त्या जागी. आरे-वारेला तर पाण्यात उतरूच नका. तो रस्ता वरून बघण्यासाठी आहे, आणि तेवढ्यानेही पैसे वसूल होतात.

पहिल्या दिवसाबद्दल तक्रार थोडी आहे. साताऱ्याहून गुहागर १९० किलोमीटरच्या आसपास. सांगलीकर इस्लामपूर, पेठ नाका करत कराडला मिळतात. पाटणला मिसळ चापून कुंभार्ली उतरायला घेतला तर घाट लागणाऱ्यांचे हाल ठरलेले. पोहे, उप्पीट एवढ्यावर भागवा, आणि ज्यांना घाट लागतो त्यांना मागच्या चाकांच्या पुढच्या सीटवर बसवा. सगळ्यात मागची सीट वळणावर फेकते. पोफळीकडे उतरताना ड्रायव्हर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये आहे का तेही बघा. न्यूट्रलमध्ये ब्रेकवर उतरवणारा असेल तर खाली पोहोचेस्तोवर जळका वास येतो.

चिपळूणला परशुराम मंदिर पॅकेजमध्ये असतंच. पण ते खेडच्या बाजूला, घाटात, दहाएक किलोमीटर, आणि गुहागर वेगळ्या दिशेला. चिपळुणात पोहोचायला २ वाजून गेले असतील तर ते सोडा. गुहागरचा सूर्यास्त गमावण्याएवढी ती अदलाबदल फायद्याची नाही. सुरूच्या बनातून किनाऱ्यावर उतरायचं, व्याडेश्वराला जायचं, बाजारपेठेच्या एकाच लांब रस्त्यावरून चालत फिरायचं. या सहलीतलं सगळ्यात निवांत गाव हेच, आणि पॅकेज तिथून सकाळी ८ ला हाकलून काढतं.

जेवणाचं आधी बोलून घ्या. 'नॉनव्हेज थाळी' म्हणजे बहुतेक ठिकाणी बांगडा. सुरमई-पापलेट वेगळ्या पैशाने. उकडीचे मोदक आदल्या रात्री सांगावे लागतात, पानावर बसून मागितले तर मिळत नाहीत. बांगड्याच्या आमटीत तिरफळं असतात, ती चावायची नसतात. आपल्याकडची माणसं पहिल्या घासाला 'तिखट नाही' म्हणून कांदा-लसूण चटणीचा डबा काढतात. काढा, पण माशावर घालू नका. कोकमाचं आंबट आणि नारळाचं दूध यांच्यात लसूण घुसला की दोन्ही बिघडतात. भाकरी तांदळाची, ती गरम असेपर्यंतच चांगली. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. त्या काळात ताजी सुरमई म्हणून पुढ्यात येते ती बर्फातलीच असण्याचा संभव जास्त.

तिसरा दिवस मात्र सरळसरळ फसलेला आहे. पहाटे पुळ्याच्या दर्शनाची रांग, डोंगराची प्रदक्षिणा, आरे-वारेला फोटो, आणि रत्नागिरीत पोहोचेस्तोवर दुपारचा १. मग थिबा राजवाडा, टिळकांचं जन्मस्थान, पतितपावन मंदिर आणि रत्नदुर्ग हे सगळं तीन तासांत. शनिवार-रविवार-सोमवार अशी सहल असेल तर आणखी वाईट, कारण थिबा राजवाड्यातलं सरकारी संग्रहालय सोमवारी बंद असतं. गेटवरून फोटो काढून परत फिरावं लागतं, आणि पॅकेजवाला 'दाखवलं' म्हणून टिक मारतो.

राजवाड्याला निवांत तासभर द्यायलाच हवा. ब्रह्मदेशाचा राजा थिबा, इंग्रजांनी १८८५ मध्ये त्याचं राज्य घेतलं आणि पुढच्या वर्षी त्याला रत्नागिरीत आणून ठेवलं. हा वाडा १९१० मध्ये तयार झाला, आणि १९१६ मध्ये तो इथंच वारला. वाड्याच्या अर्धवर्तुळाकार, कोरीव लाकडी खिडक्या खालून न बघता आतून, उजेडाकडे तोंड करून बघा. साताऱ्याच्या माणसाला राजा उचलून परमुलखात ठेवण्याची रीत माहीत आहेच. प्रतापसिंह महाराजांना १८३९ मध्ये कंपनी सरकारने काशीला धाडलं होतं. पतितपावन १९३१ चं. छोटं आहे, वेळ लागत नाही. रत्नदुर्गावर दुपारी १ ते ३ जाऊ नका, सावली नाही.

उपाय सोपा आहे: सहल उलटी फिरवायला सांगा. सांगलीकरांनी तर नक्कीच. शनिवारी पहाटे निघून कोल्हापूर, मलकापूर, आंबा घाट, साखरपा करत पावणेदोनशे-एकशेऐंशी किलोमीटर, दुपारच्या आत रत्नागिरी. राजवाडा उघडा, घाट उजेडात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुळ्याचं पाणी. फेरी जयगडहून तवसाळकडे, शेवट गुहागरला. दहाजणांचा ग्रुप असेल तर बहुतेक ट्रॅव्हल्सवाले ऐकतात. त्यांचं अडतं ते मुक्कामाच्या बुकिंगवर, म्हणून हे पंधरा दिवस आधी बोला. सरळ क्रमानेच जाणार असाल तर रत्नागिरी साडेतीनला सोडाच. आंबा घाटात अंधार पडल्यावर गवे रस्त्यावर येतात, आणि चौपदरीकरणाच्या कामामुळे वळवलेला रस्ता रात्री चटकन कळत नाही. कराड-साताऱ्याच्या लोकांना कोल्हापूरचा वळसा नको असेल तर मलकापुरातून कोकरूड, शेडगेवाडी करत कराडला निघता येतं. रस्ता लहान आहे, दिवसाच घ्यावा.

पैसे देताना कागदावर लिहून घ्यायच्या गोष्टी: खोलीत किती माणसं (तीन म्हणून चौथा गादीवर, हे सर्रास चालतं), फेरीचं तिकीट कुणाचं, संग्रहालयाचं तिकीट कुणाचं, ड्रायव्हरचा भत्ता आत की बाहेर, आणि घाट चढताना एसी बंद राहणार का. शेवटचं बहुतेक होतंच, त्यावर भांडू नका. भरलेली गाडी चढणीला एसीसकट ओढत नाही. पण सपाटीवरही बंदच राहिला तर बोला.

चौघांचं कुटुंब असेल आणि घरची गाडी असेल तर पॅकेज घेऊ नका. वरची वेळापत्रकाची दुरुस्ती तुमच्याच हातात राहते. आजी-आजोबांसकट बारा-चौदाजण असतील तर पॅकेजच बरं, कारण दोन-तीन गाड्या फेरीच्या रांगेत एकत्र ठेवणं हे वडापला माणसं भरण्यापेक्षा अवघड काम आहे. स्वतःची गाडी वाळूत घालू नका. भरतीने चाकं रुतली की ट्रॅक्टरवाला मागेल तो दर. परत आल्यावर गाडी खालून गोड्या पाण्याने धुऊन घ्या. खारं पाणी आधी ब्रेकच्या डिस्कला आणि सायलेन्सरच्या जोडाला धरतं.

खरेदीसाठी पॅकेजवाला गाडी थांबवेल ते दुकान त्याच्या ओळखीचं असतं. हातावर बेदाणा चोळून प्रत सांगणारी आपली तासगावची माणसं तिथं काजू मात्र पाकिटावरचं चित्र बघून घेतात. डब्ल्यू २४० म्हणजे एका पौंडात, साधारण ४५४ ग्रॅममध्ये, जास्तीत जास्त २४० अख्खे गर. डब्ल्यू ३२० म्हणजे ३२० पर्यंत. आकडा लहान तेवढा काजू मोठा. भाजीसाठी तुकडा घ्या, चवीत फरक नाही. कोकमाच्या बाटल्या दोन प्रकारच्या असतात. अमृत कोकम गोड, सरबताचं. आगळ खारवलेलं, सोलकढीचं. त्यात वरून मीठ घालण्याआधी चव बघा. एप्रिल-मेमध्ये गेलात तर हापूसची पेटी बागेतून घ्या आणि एक फळ तिथंच कापून मागा. जमिनीच्या उष्णतेने आतून पांढरा, स्पंजासारखा होणारा साका बाहेरून ओळखता येत नाही, देठाचा वास घेऊनही नाही. घरी आल्यावर पेटी उघडून आंबे पेंढ्यात सुटे मांडा, डिकीत रात्रभर ठेवू नका.